सहा तातामींची खोली आणि विशाल दूरचित्रवाणी

मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी-संच बाळगणे ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांतही पंचावन्न इंची पडदा सर्रास दिसतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याहून मोठ्या पडद्यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात. परंतु संच घरी येईपर्यंत त्याच्या किमतीची जेवढी कसून चौकशी होते, तेवढी तो घरी आल्यावर कोठे बसेल, किती अंतरावरून पाहावा, भिंत त्याचा भार पेलील की नाही, आणि काही वर्षांनी निकामी झाल्यावर त्याचे काय करावयाचे, या प्रश्नांची होत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचा ज्या देशाला परिस्थितीनेच सखोल विचार करावयास लावले, आणि ज्याने त्या विचाराला कायद्याचे व शिरस्त्याचे रूप दिले, तो देश म्हणजे जपान. घरे लहान, भिंती पातळ, भूमी अस्थिर आणि दूरचित्रवाणीची आवड मात्र विलक्षण, अशा चमत्कारिक संयोगातून तेथे जो अनुभव साठला आहे, तो आपल्याकडील ग्राहकालाही मार्गदर्शक ठरण्यासारखा आहे.

जपानचा आणि दूरचित्रवाणीचा ऋणानुबंध फार जुना आहे. हामामात्सु येथील उच्च तांत्रिक विद्यालयातील एक तरुण अध्यापक केन्जिरो ताकायानागी यांनी 25 डिसेंबर 1926 रोजी, म्हणजे ज्या दिवशी तैशो सम्राटांचे देहावसान झाले त्याच दिवशी, जपानी वर्णमालेतील ‘इ’ हे अक्षर ऋणकिरण-नलिकेच्या पडद्यावर उमटवून दाखविले. प्रेषणासाठी त्यांनी छिद्रे पाडलेली फिरती तबकडी वापरली होती आणि चित्र अवघ्या चाळीस रेषांचे होते. तरीही ग्रहणासाठी इलेक्ट्रॉनिक नलिका वापरण्याचा त्यांचा मार्ग पुढे साऱ्या जगाचा राजमार्ग ठरला. युद्धामुळे मधली वर्षे वाया गेली आणि नियमित प्रक्षेपण सुरू व्हावयास 1 फेब्रुवारी 1953 हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी ‘एनएचके’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडे रीतसर करार केलेल्या ग्राहकांची संख्या होती केवळ 866, आणि दरमहा वर्गणी होती 200 येन. हायाकावा विद्युत कंपनीने, म्हणजेच आजच्या शार्पने, त्याच वर्षी बाजारात आणलेल्या चौदा इंची संचाची किंमत 1,75,000 येन होती. सामान्य पगारदाराला ती अनेक महिन्यांची संपूर्ण कमाई खर्ची घातल्याखेरीज परवडणे शक्य नव्हते. म्हणून लोक रस्त्यावर जमत. रेल्वे स्थानकांसमोर आणि चौकांत उंच मंचांवर संच मांडण्याची तजवीज एका खाजगी प्रसारण कंपनीने केली, आणि 1954 च्या फेब्रुवारीत रिकिदोझान या मल्लाच्या कुस्त्या पाहण्यासाठी तोक्योच्या शिम्बाशी स्थानकाबाहेर माणसांचा समुद्र उसळला.

पुढील पाच-सहा वर्षांत चित्र पालटले. राजघराण्याच्या परंपरेतील आरसा, खड्ग आणि रत्न या तीन पवित्र वस्तूंच्या नावावरून धुलाईयंत्र, शीतकपाट आणि कृष्णधवल दूरचित्रवाणी या त्रयीला लोकांनी ‘तीन पवित्र निधी’ असे नाव दिले. 10 एप्रिल 1959 रोजी युवराज आकिहितो यांचा विवाह झाला, तेव्हा ती मिरवणूक घरबसल्या पाहण्यासाठी असंख्य कुटुंबांनी संच खरेदी केले. ज्या भारताने आपले पहिले प्रायोगिक प्रक्षेपण त्याच वर्षीच्या 15 सप्टेंबरला दिल्लीत सुरू केले आणि ज्या मुंबईला दूरदर्शनसाठी 2 ऑक्टोबर 1972 पर्यंत वाट पाहावी लागली, तेथील वाचकाला या वेगाची कल्पना सहज यावी. त्या काळचा संच चार पायांवर उभा राहणारा लाकडी पेटीचा असे, पाहणे संपले की त्याच्यावर भरजरी पडदा सोडीत, आणि पुष्कळ घरांत त्याला ‘तोकोनोमा’ या, टांगते चित्र व पुष्परचना यांसाठी राखलेल्या, मानाच्या कोनाड्यात स्थान मिळे. 31 डिसेंबरच्या रात्री प्रसारित होणारा ‘कोहाकु उता गास्सेन’ हा गायनाचा सामना पाहणे हा तर कुळाचारच होऊन बसला. 1963 साली त्याची दर्शकसंख्या 81.4 टक्क्यांपर्यंत पोचली होती.

परंतु पेटी जसजशी मोठी होत गेली तसतशी एक अडचण उत्पन्न झाली. ऋणकिरण-नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत मागून पुढे फेकावा लागतो, आणि पडदा रुंद करावयाचा तर झोताला पसरण्यासाठी मागे खोली द्यावी लागते. साहजिकच मोठा संच म्हणजे पन्नास किलोंहून अधिक वजनाची आणि अर्धा मीटर खोल अशी काचेची पेटी. आधीच लहान असलेल्या घराचा एक कोपरा ती गिळंकृत करी. चित्राच्या क्षेत्रात मात्र एनएचकेच्या संशोधकांनी 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकनंतर लगेच अतिस्पष्ट चित्राचा अभ्यास आरंभिला होता. त्यांना शोध घ्यावयाचा होता तो असा, की डोळ्यांना चित्रातील रेषा वेगळ्या दिसू नयेत आणि तरीही चित्राने दृष्टीचा मोठा भाग व्यापावा, यासाठी किती रेषा आणि किती अंतर हवे. या अभ्यासातून जो दंडक निघाला तो आजही उपयोगी आहे: सुमारे हजार रेषांचे चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून पाहावे. निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा, भेद ओळखू शकतो; 1080 रेषांच्या पडद्याकडे उंचीच्या तिप्पट अंतरावरून पाहिले असता दोन रेषांमधील कोन जवळजवळ नेमका एवढाच भरतो. रेषा दुप्पट केल्या, म्हणजे ज्याला आज 4के म्हणतात ते चित्र घेतले, तर तेच अंतर दीडपट उंचीवर येते. आणि 1 डिसेंबर 2018 पासून जपानने उपग्रहाद्वारे ज्याचे नियमित प्रक्षेपण सुरू केले त्या 8के चित्रात, ज्यात सुमारे 3 कोटी 30 लाख चित्रबिंदू असतात, ते उंचीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत घटते.

चपटा पडदा मिळाल्याशिवाय हे ज्ञान सामान्य घराच्या कामाचे नव्हते. द्रवस्फटिकाचा व्यवहारात उपयोग करून शार्पने 1973 मध्ये गणकयंत्र काढले होते. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये कोंडलेले हे द्रव विजेच्या दाबाने आपल्या रेणूंची दिशा बदलते. मागून येणारा प्रकाश त्यामुळे कमी-अधिक प्रमाणात अडतो, आणि पुढील लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून तो रंगीत होऊन बाहेर पडतो. अशा झरोक्यांची संख्या लाखांच्या घरात नेणे हे खरे कठीण काम होते. 1998 मध्ये शार्पचे अध्यक्ष कात्सुहिको माचिदा यांनी, 2005 पर्यंत आपण देशात विकणार ते सर्व संच द्रवस्फटिकाचे असतील, अशी जाहीर प्रतिज्ञा केली, तेव्हा ती धाडसाची वाटली. 1 जानेवारी 2001 रोजी त्यांचे ‘अॅक्वॉस’ हे संच बाजारात आले, जानेवारी 2004 मध्ये मिए प्रांतातील कामेयामा येथे काच घालण्यापासून संच पेटीत भरण्यापर्यंतचा कारखाना सुरू झाला, आणि संचावरील त्या गावाचे नाव पाहून ग्राहक खरेदी करू लागले. पॅनासोनिक, हिताची व पायोनिअर यांनी प्लाझ्मा या दुसऱ्या मार्गावर भिस्त ठेवली; त्यात सूक्ष्म कप्प्यांतील वायू विजेने प्रज्वलित होऊन प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो. काळा रंग त्यात उत्तम दिसे, परंतु वीज अधिक लागे आणि बारीक बिंदू करणे महाग पडे. 2013 च्या अखेरीस पॅनासोनिकनेही ते उत्पादन थांबविले. स्वयंप्रकाशी पडद्याचा गुण आज ओएलईडी संचांत उतरला आहे, आणि असा पहिला संच, तोही केवळ अकरा इंचांचा, सोनीने 2007 मध्ये विक्रीस काढला होता.

या उद्योगाचा उत्कर्ष आणि ऱ्हास यांत सरकारचाही हात होता. 1 डिसेंबर 2003 रोजी तोक्यो, ओसाका व नागोया येथे अंकीय भूप्रक्षेपण सुरू झाले, आणि जुने प्रक्षेपण 24 जुलै 2011 रोजी बंद करण्यात आले. त्याच वर्षीच्या भूकंपाने व त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना मात्र 31 मार्च 2012 पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. त्याच सुमारास वीज कमी खाणाऱ्या उपकरणांच्या खरेदीवर ‘इको-गुण’ देण्याची योजना अमलात होती. दोन्ही कारणांनी 2010 साली देशात अडीच कोटींच्या आसपास संच खपले, आणि 2012 मध्ये तो आकडा सुमारे 65 लाखांवर घसरला. पुढच्या कित्येक वर्षांची मागणी आधीच उरकून गेली होती. मार्च 2012 ला संपलेल्या वर्षात पॅनासोनिक, सोनी आणि शार्प या तिघांचा मिळून तोटा 1.6 लाख कोटी येनांवर गेला. 2016 मध्ये शार्प तैवानच्या होन हाय उद्योगाच्या ताब्यात गेली, आणि तोशिबाचा दूरचित्रवाणी-विभाग 2018 मध्ये चीनच्या हायसेन्सने घेतला. ग्राहकाने यावरून एवढेच जाणून घ्यावे, की संचावरील नाव आणि त्याच्या आतील पडद्याचा निर्माता हे आता बहुधा निराळे असतात; म्हणून केवळ नावावर विसंबून खरेदी करण्याचे दिवस गेले.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. जपानी खोलीचे माप तातामीत, म्हणजे जमिनीवर अंथरण्याच्या जाड गवती चटयांत, सांगितले जाते. तोक्योकडील तातामी सुमारे 176 सेंटिमीटर लांब आणि 88 सेंटिमीटर रुंद असते. तेव्हा सहा तातामींची खोली म्हणजे साधारणतः साडेतीन मीटर बाय अडीच मीटरहून किंचित अधिक. समजा, संच लांब भिंतीला लावला, आणि पाहणारा समोरच्या भिंतीला टेकून बसला, तर मेजाची खोली व शरीराची जाडी वजा जाता डोळा आणि पडदा यांत सुमारे दोन मीटर अंतर उरते. पंचावन्न इंची पडद्याची उंची 68.5 सेंटिमीटर असते, आणि तिची तिप्पट दोन मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे या खोलीत हा पडदा अगदी नेमका बसतो. पासष्ट इंची पडद्याची उंची 81 सेंटिमीटर, त्याला सुमारे 2.4 मीटर अंतर हवे, म्हणून तो आखूड भिंतीला लावून लांबीच्या दिशेने पाहावा लागेल. ज्या वाचकाला हे गणित लक्षात ठेवावयाचे असेल त्याने इंचांच्या आकड्याला सव्वाने गुणावे, की पडद्याची उंची सेंटिमीटरमध्ये मिळते.

येथे शंका येईल, की संच 4के असताना दीडपट उंचीचे अंतर का धरू नये? त्याचे उत्तर प्रक्षेपणात आहे. जपानचे नेहमीचे भूप्रक्षेपण 4के नसून बहुतांशी 1440 गुणिले 1080 बिंदूंचे असते. संच ते ताणून मोठे करून दाखवितो, पण जे तपशील मुळात पाठविलेच नाहीत ते त्याला निर्माण करता येत नाहीत. जो मुख्यतः बातम्या व नित्याचे कार्यक्रम पाहणार, त्याने तिप्पट उंचीचाच हिशेब करावा. जो उपग्रहावरील 4के वाहिन्या किंवा इंटरनेटवरील चित्रपट पाहणार, त्याने खुशाल जवळ बसावे. भारतातही केबलवरील पुष्कळ वाहिन्यांच्या बाबतीत हाच न्याय लागू पडतो.

अंतराइतकेच महत्त्व उंचीला आणि कोनाला आहे. तातामीवर बसणाऱ्याचा डोळा जमिनीपासून सुमारे पाऊण मीटरवर असतो, खुर्चीवर बसणाऱ्याचा एक मीटरच्या वर. म्हणून जपानी घरात संचाचे मेज ठेंगणे असते, आणि भिंतीवर उंच टांगलेला पडदा तेथे मानेला जाच ठरतो. शिवाय हिवाळ्यात सारे कुटुंब ‘कोतात्सु’भोवती, म्हणजे खाली उष्णता देणारी शेगडी आणि वर रजई असलेल्या ठेंगण्या मेजाभोवती, चारी बाजूंनी बसते. तेव्हा एकालाच पडदा समोरून दिसतो, दोघांना तो तिरका दिसतो. काही द्रवस्फटिक पडद्यांत बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात आणि काळा भाग करडा दिसतो. असे कुटुंब असेल तर रुंद कोनातून सारखे चित्र देणारा पडदा घेणे इष्ट. दुकानात उभे राहून, लख्ख दिव्यांखाली, समोरून पाहिलेले चित्र यातले काहीच सांगत नाही. तोक्योच्या आकिहाबारा या उपकरण-बाजारातील मोठ्या दुकानात गेलेला सुज्ञ ग्राहक संचापासून आपल्या खोलीइतक्या अंतरावर उभा राहतो, बाजूला सरकून पाहतो, आणि दूरनियंत्रकाने चित्राची प्रखरता घरच्या पातळीवर उतरवून पाहण्याची परवानगी मागतो. नवे नमुने वसंत व ग्रीष्मात येतात, आणि मार्चमध्ये आर्थिक वर्ष संपते. म्हणून त्या सुमारास मागील नमुन्यांच्या किमती उतरलेल्या असतात.

खरेदी ठरली की दुकानदार एक प्रश्न आवर्जून विचारतो: संच घरात कोणत्या वाटेने न्यावयाचा? पासष्ट इंची संचाचे खोके दीड मीटरहून अधिक रुंद असते, आणि ते आडवे करून नेऊ नये, कारण वजन काचेवर येते. उद्वाहकाच्या दाराची रुंदी, जिन्याचे वळण, दारालगत जोडे काढण्याची ‘गेन्कान’ ही चिंचोळी जागा, यांची मापे ग्राहकाने घेऊन ठेवावीत अशी अपेक्षा असते. संच पोचविणारे दोघे जण जोडे काढून आत येतात, जमिनीवर कापड पसरतात, संच उभारतात, वाहिन्या लावून देतात आणि रिकामे खोके परत नेतात.

भिंतीचा मामला अधिक नाजूक आहे. जपानी घरातील आतील भिंत बहुधा साडेबारा मिलिमीटर जाडीच्या जिप्समच्या फळीची असते. तिच्यात खिळा धरत नाही. तिच्यामागे 303 किंवा 455 मिलिमीटर अंतराने लाकडी किंवा पत्र्याचे उभे दांडे असतात, आणि भार पेलण्याची शक्ती काय ती त्यांच्यातच असते. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाजाऐवजी भरीव आवाज येतो तेथे दांडा समजावा आणि बारीक सुईने त्याची खातरजमा करावी. भाडेकरूला तर भिंतीला मोठी भोके पाडण्याची मुभाच नसते. घर सोडताना ते पूर्ववत करून देण्याविषयी बांधकाम मंत्रालयाने 1998 मध्ये प्रथम काढलेली मार्गदर्शक तत्त्वे इतकी तपशीलवार आहेत, की दूरचित्रवाणीच्या मागे भिंतीवर येणारा काळसर डाग हा नित्याच्या वापराचा परिणाम मानून त्याचा खर्च घरमालकाकडे, आणि आतील फळी बदलावी लागेल अशा खिळ्या-स्क्रूंच्या भोकांचा खर्च भाडेकरूकडे, अशी स्पष्ट वाटणी त्यांत केलेली आहे. म्हणून भाड्याच्या घरांत भिंतीला चिकटून उभा राहणारा उंच खांबाचा आधार लोकप्रिय आहे.

संच उभा राहिला, तरी तो धरणीकंपात उभा राहील की नाही, हा प्रश्न उरतोच. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे परिसरात झालेल्या भूकंपात जड संच खोलीत फेकले गेल्याच्या हकीकती त्यातून वाचलेल्यांनी सांगितल्या आहेत. तोक्योच्या अग्निशमन विभागाच्या पाहणीनुसार अलीकडील भूकंपांत जखमी झालेल्यांपैकी 30 ते 50 टक्के लोकांना घरातील सामान पडल्याने किंवा सरकल्याने इजा झाली आहे. चपटा संच हलका असला तरी उंच आणि अरुंद असतो, त्यामुळे तो पुढे कलंडण्याचा संभव अधिक. यास्तव संचाच्या पायाखाली चिकट लवचीक गाद्या बसवितात, मागून पट्टा काढून मेजाला किंवा भिंतीतील दांड्याला बांधतात, आणि मेजही जमिनीला वा भिंतीला जखडतात. निजण्याच्या जागेकडे पडद्याचे तोंड येऊ देत नाहीत. हा बंदोबस्त करण्यास अर्धा तास पुरतो. 1 ऑक्टोबर 2007 पासून भूकंपाची पूर्वसूचना दूरचित्रवाणीवरून सर्वसामान्य जनतेला मिळू लागली आहे. संकटकाळी ज्या पडद्याकडे पाहावयाचे, तोच अंगावर येऊ नये, ही काळजी तेथे नागरिकत्वाचा भाग समजतात.

संच घेतला की वर्गणीही ओघाने आलीच. 1950 च्या प्रसारण कायद्यान्वये ज्याच्याकडे एनएचकेचे प्रक्षेपण ग्रहण करणारे उपकरण आहे त्याने त्या संस्थेशी करार केला पाहिजे, आणि ही सक्ती घटनेला धरून आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी दिला. ऑक्टोबर 2023 पासून केवळ भूप्रक्षेपणासाठी दरमहा 1,100 येन आणि उपग्रहासह 1,950 येन असा दर आहे. ज्यांना फक्त इंटरनेटवरील चित्रपट पाहावयाचे असतात, ते अलीकडे ग्रहणयंत्र नसलेले पडदे घेतात, आणि त्यांना ही वर्गणी लागू होत नाही.

तोक्योच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे गेल्या पाव शतकात भारतीय संगणक-अभियंत्यांची जी वस्ती झाली, तीत मराठी कुटुंबेही आहेत. मायदेशी परतताना मोठा संच बरोबर न्यावा की नाही, हा विचार त्यांना करावा लागतो. जपानमधील घरगुती वीज 100 व्होल्टची, आपली 230 व्होल्टची. तेथील प्रक्षेपणाची पद्धतीही आपल्याहून भिन्न, त्यामुळे आतील ग्रहणयंत्र येथे निरुपयोगी ठरते. संचाला जोडलेल्या साठवण-तबकडीवर ध्वनिचित्रित केलेले कार्यक्रमसुद्धा त्याच संचावर दिसतात, दुसऱ्यावर नाहीत. विजेचा दाब उतरविणारे यंत्र आणि सेट-टॉप बॉक्स लावून पडदा म्हणून त्याचा उपयोग होईल, पण दुरुस्ती व हमी यांची आशा सोडावी लागेल. तेव्हा तो तेथेच सोडणे शहाणपणाचे.

परंतु सोडणे म्हणजे टाकणे नव्हे. घरगुती उपकरणांच्या पुनर्चक्रणाचा कायदा जपानने 1998 मध्ये संमत केला आणि 1 एप्रिल 2001 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. चपट्या संचांचा त्यात 2009 मध्ये समावेश झाला. या कायद्याने संच कचऱ्यात टाकता येत नाही. मालकाने टपाल कचेरीत किंवा दुकानात पुनर्चक्रणाची पावती घ्यावी, मोठ्या संचासाठी सुमारे 3,000 येन आणि वाहतुकीचा खर्च निराळा भरावा, दुकानदाराने संच नेऊन द्यावा, आणि उत्पादकाने तो उकलून वजनाच्या किमान 74 टक्के भाग पुन्हा उपयोगात आणावा, अशी जबाबदारीची साखळी आहे. पावतीवरील क्रमांकावरून आपला संच कोठवर पोचला याची चौकशी मालकाला करता येते. ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली फिरणाऱ्या, परवाना नसलेल्या गाड्यांना संच देऊ नये, असे सरकार वारंवार बजावीत असते, कारण असा माल पुष्कळदा रानोमाळ फेकला जातो.

आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले असून त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. उणीव आहे ती ग्राहकाच्या सवयीची. वाचकांनी पुढचा संच घेण्यापूर्वी खोलीचे माप कागदावर मांडावे, कोणते कार्यक्रम पाहणार हे प्रामाणिकपणे ठरवावे, भिंत आणि मेज यांची मजबुती तपासावी, घरात लहान मूल असेल तर संच पट्ट्याने बांधल्याशिवाय राहू नये, आणि जुना संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्याऐवजी अधिकृत संकलन केंद्रात पोचवून त्याची पावती मागून घ्यावी.